तळाला भोक असलेलं भांडं

बोथ, रविवार

प्रिय विनय,

सप्रेम जय भीम.

“हात पुसल्याबिगर लोखंडाले हात लावू नोको, त्याले बी घाम सोसत नाही.” भैंसा गावच्या कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर असलेले आपले बाबा तुला हे म्हणाले, तेव्हा तू सात वर्षांचा होतास आणि तुझे दोन्ही हात गुळाने बरबटलेले होते. ते वाक्य तू इतकं मनावर घेतलंस, की आता इंदूरला हातमोज्यांवर हातमोजे घालून नायोबियम धातूची भांडी बनवतोस (तू कॅव्हिटी म्हणतोस, माय भांडीच म्हणते). तुझी सर्दी गेली का? त्या निर्मळ खोलीत शिंक आली तर तुम्ही काय करता, हे मायला जाणून घ्यायचं आहे. तिचे गुडघे सोडले तर ती ठणठणीत आहे. मीही बरी आहे, निदान तू हे पत्र पुरतं वाचेपर्यंत.

आमच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तू स्वतःच्या सहीवर अशाच एका भांड्याचा तपासणीत नापास झालेला अर्धा भाग पाठवलास, याचे उपकार मी विसरणार नाही. हैदराबादकडे जाणारा तुझा सहकारी तो हायवेवरून घरी देऊन गेला. वर तुझी चिठ्ठी होती, पिशवी उघडू नये. मी उघडली नाही. मी शाळेत होते. उघडली मायने. पोराने दोन वर्षांनी काहीतरी पाठवलं आणि ते मळकट करडं निघालं, हे तिला सहन झालं नाही. उद्या चार लोक बघतील, म्हणून तिने ते चिंच आणि चुलीतली राख लावून घासलं. आतून आणि बाहेरून. (चिंचेने त्याला काही झालं नसावं. राखेबद्दल मी गप्प बसते.)

संध्याकाळी मी तिला समजावायला बसले. हा धातू द्रवरूप हेलियममध्ये इतका गार करतात, की त्यातून वीज जवळजवळ अडथळ्याशिवाय धावते आणि आतल्या पोकळीत सूक्ष्म कणांना जोराचा धक्का मिळतो. म्हणून तो पोटातूनही शुद्ध लागतो. तिला लगेच कळलं. म्हणाली, “कापसात पोत्याचा एक धागा सापडला तं पुरी गठाण वापस येते, तसंच नं?” माझ्या बी.एड.ला जे जमलं नसतं, ते तिने एका वाक्यात केलं. मग मी सांगितलं, की हे आधी आम्लात धुतात, त्या वेळी धातू थोडा हायड्रोजन पिऊन बसतो, तो बाहेर काढायला निर्वात भट्टीत आठशे अंशांवर भाजतात. “मंग धुतेच काऊन?” मी म्हटलं, वरचा खराब थर निघावा म्हणून. “म्या बी तेच केलं,” ती म्हणाली आणि उठून भाकरी टाकायला गेली.

प्रदर्शनात तुझा नमुना पहिला आला. धातुशास्त्रामुळे नव्हे, चकाकीमुळे. हैदराबादहून आलेल्या साहेबांनी माझं पाठ केलेलं भाषण ऐकून एकच प्रश्न विचारला, “मॅडम, किस चीज से घिसा?”

पंचवीस तारखेला तुमच्याकडे तपासणीला पाहुणे येणार आणि हा भाग नेल्याबद्दल रजिस्टरमध्ये तुझं नाव आहे, म्हणून काल मी खोकं बांधायला घेतलं. मायने हात धरला. दुसऱ्या घरचं भांडं रिकामं परत करायचं नसतं, हे तुला ठाऊक आहे. पण या भांड्याच्या तळालाच पेल्याच्या तोंडाएवढं भोक! “असं भांडं बनवाले सरकार पगार देते?” तिने गूळ घालून दाण्याचे लाडू वळले. पहिला भोकातून थेट माझ्या तपासलेल्या पेपरांवर पडला. दुसराही पडला. तिसरा तिने भोक मापून वळला. तो लाडू नाही, सोललेला नारळ आहे. आता तो आत घट्ट बसलाय आणि तूप चहूबाजूंनी तुझ्या शुद्ध धातूला लागलंय. रागावू नकोस. पार्सल उद्या कुरिअरने निघेल.

तुझी,
शुभांगीताई

ता. क. पार्सल निघणार नाही. पत्र लिहून होईपर्यंत मायने खोकं तिच्या पेटीत ठेवलं आणि किल्ली कनवटीला लावली. म्हणते, “ज्यानं सही केली, त्यानं येऊन न्यावं.” मी भांडले, तुझ्या नोकरीची भीतीसुद्धा घातली. ती म्हणाली, मग तर येईलच.

आणखी एक. काल तिने मला विचारलं, हातमोज्यातून विनयच्या हाताला काही लागतं का गं? गरम, गार? बाबांचं बोलणं लोखंडापुरतं होतं, विनय. तू ते घरालाही लावलंस की काय, असं मला अधूनमधून वाटतं. बाबा गेले तेव्हासुद्धा तू मायजवळ हात मागे बांधून उभा होतास.

तर, शनिवारी ये. तो लाडू त्याच भांड्यातून उघड्या हाताने खा, आणि ते गुळाचे हात न पुसता मायच्या हातात दे. तू नाही म्हणशील, मला माहीत आहे. तरी विचारते.