मागच्या सीटवर ऐकू आलेलं

देवमन,

फटफटीची चावी मी वाचनालयात सोबत नेतो आहे. न्यावी की नाही, या विचारात दारापासून दोनदा मागे फिरलो. रागावू नकोस.

काल पहिल्यांदाच तुझ्या मागे बसलो. "बाबा, मले धरा ना, पुस्तकाले काय धरून बसले!" म्हणून तू हसलास. उतरल्यावर म्हणालास, "बोलत काहून नाही? भेव लागलं काय?" भीती नव्हती रे. पऱ्हाटीची, फुटलेल्या कापसाची शेतं मिसळून एकच पांढरा पट्टा झाली होती आणि तेवढा वेळ मला माझं वय आठवलं नाही. वेग पोटात जाणवतो, हे मी कुठे वाचलं नव्हतं.

पण खड्डा आला की साखळी झाकणावर आपटत होती. आज सकाळी वाकून पाहिलं, तर मागच्या चक्राचे दात झिजून हुकांसारखे वाकले आहेत. अशी साखळी वेगात निसटेल असं वाटतं; मला यातलं कळत नाही, चूकही असेल. तू एकटा असलास की गाडी एवढी दबत नाही, आणि मागे कुणी असलं तरी पुढे वाऱ्यात तुला ऐकू येत नसेल. अंजनाला विचार, लग्न झाल्यापासून ती वर्षभर मागे बसते आहे. तिला सहावा महिना आहे. आज किन्हीराजाला माहेरी तिला एसटीनेच पाठव, मग चावी न्यायला ये.

मिस्त्रीने साखळी आणि चक्र बदललं की मला पुन्हा ने. तेवढ्याच जोरात. या वेळी पुस्तक घरी ठेवीन.

बाबा