दर्याकडची भिंत

बाबा, घर बांधताना तुम्ही दर्याकडची भिंत कोरी ठेवलीत, एक झरोकासुद्धा सोडला नाहीत. मी खिडकी मागितली तेव्हा म्हणालात, "दर्याकडं तोंड करून घर बांधील तो येडा, नायतर सायब." गवंडीही हसला. तुम्ही गलबतावरचे तांडेल, मी पाचवीतला पोरगा; काय बोलणार? आज बोलतो.

इथे कुवेतमध्ये, दस्मानला, एका व्यापाऱ्याच्या पेढीत मी टायपिंग करतो. शेठना फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर उन्हाळ्यासाठी घर घ्यायचं आहे. तिथल्या दलालाची पत्रं मी वाचतो आणि पुन्हा पुन्हा तपासून उत्तरं टाईप करतो. इंग्रज, अमेरिकन, कुठकुठले लोक तिथे घरं घेत आहेत. थंडीतही ऊन असतं, अंगणात लिंबं लागतात, सकाळी बंदरावर ताजी मासळी मिळते. चित्रं पाहिली तर तांबडी कौलं, उतारावर घरं, खाली होड्या. आपल्या माडांच्या जागी ऑलिव्हची झाडं, एवढाच फरक. आणि डोंगराकडे तोंड असलेलं घर स्वस्त, दर्याकडचं महाग. आपण जिथे सुकट वाळत घालायचो, तसल्या जागेसाठी माणसं देश ओलांडून येतात, बाबा.

शेठचे म्हातारे वडील एके काळचे नाखवा, मुंबईच्या फेऱ्यांत हिंदी शिकलेले. चित्र पाहून म्हणाले, "पानी देखने का पैसा? हम उमर भर मुफत देखा."

शेठ हसले. म्हातारे माझ्याकडे वळले. "तुम्हारा बाप का घर कैसा?"

मी सांगितलं, दर्याकडे पाठ.

"अच्छा आदमी. दर्या दिखेगा तो औरत चूल्हा छोड के जहाज का रस्ता देखेगी."

हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. मी समजत होतो, खाऱ्या वाऱ्यापायी.

तरीही ऐका. आता आपल्या घरातलं कोणी गलबतावर नाही. तुम्ही गेल्यावर जुनं घर खचलं, नवं त्याच चौथऱ्यावर उभं राहतंय. काका लिहितात, "बापाचा रिवाज मोडू नको, गाव हसेल." हसू दे. मी त्यांना लिहिलं आहे, दार दर्याकडे, पडवी दर्याकडे, खिडक्याही तिकडेच. उभा जन्म किनाऱ्यावर काढलेल्या आईने दर्या बघायला दुसऱ्याच्या अंगणात का जावं? घर मी बांधतोय. ते माझ्या मनासारखंच होईल.

काकांना लिहिलेलं पत्र उद्याच्या टपालात पडेल. हे माझ्या ट्रंकेत कपड्यांखाली राहील. त्या पत्रातली एक ओळ मी कारण न देता लिहिली आहे, ती तेवढी तुम्हाला सांगतो. डोंगराकडची भिंत कोरी ठेवायला सांगितली आहे, एक झरोकासुद्धा नको म्हणून. टपालवाला त्याच बाजूच्या वाटेने येतो.