दोन पांढऱ्यांची पिल्लं

४ नोव्हेंबर
सकाळी साखळीहून विहीणबाईंचा फोन. कशी आहेस नाही, काय नाही. "पिलांका केस इले. सगळी रानसशासारखी!" त्यांच्या सशिणीची सात पिल्लं, सातही करडी-तपकिरी. म्हटलं, उजेडात नेऊन बघा. म्हणाल्या, "उजेडातच बघतंय मी."
शक्यच नाही. त्यांची मादी मोगरी पांढरी, आमचा नर भाटकार पांढरा. (भाटकार म्हणजे जमीनदार, नाव ह्यांनी ठेवलं. दिवसभर पसरून खातो, मनात आलं तर काम करतो.) पाच वर्षांत त्याच्या वंशात एक डाग नाही. मांद्र्याची पिशव्यावाली माझ्या सशांची कातडी डोळे मिटून घेते ती त्यासाठीच. पांढऱ्यावर हवा तो रंग चढतो. तपकिरीवर काय चढणार, कपाळ?

५ नोव्हें.
डोक्यातून जात नाही. मोगरी दोन दिवस आमच्याकडे होती. मीच तिला भाटकाराच्या पिंजऱ्यात सोडली, मीच काढली. करडा ससा आमच्या घरात औषधालाही नाही. ह्यांचं म्हणणं, रानातला आला असेल. रानातल्याची जात वेगळी, त्याची हिच्याशी पैदास होतच नाही. आणि तो काय कडी काढून आत शिरला? तर म्हणे, "माका काय विचारतस? मी वायरमन."

६ नोव्हें.
साखळीला जाऊन आले. कोरगाव-म्हापसा, म्हापसा-साखळी, दोन्हीकडे उभ्याने. उंडे पाव नेले होते, चेपले.
वि.बाईंनी शेजारच्या दोघींना बोलावून ठेवलेलं. प्रदर्शनच. पिल्लं खरंच तपकिरी, एकाच्या कपाळावर पांढरा टिळा. "दोन दीस तुमच्याकडे होती. काय झाला ता तुमीच सांगा." वर हसून, "नायतरी तुमच्यात होता तसा. आई गोरी, बापूस गोरो, आणि आमची सून बघा!" सगळ्या हसल्या. प्रतिमा चहाचा ट्रे घेऊन उभी होती. मीही हसले. लेकीची सासू ती, काय करणार. चहा घेतला.
परत येताना बसमध्ये नुसता संताप. भाटकाराला असं बोलते! नरवाल्याला रीतीप्रमाणे एक पिल्लू मिळतं, ते मी आणलं नाही. ठेव म्हटलं तुझ्याकडेच.

८ नोव्हें.
पालयेचा एकजण मादी घेऊन येणार होता. नको म्हणाला. साखळीची बातमी पालयेत दोन दिवसांत पोचते, इथला पाइप फुटला तर मात्र महिनाभर कोणाला कळत नाही.
आज भाटकाराला आमच्याच शेवंतीवर सोडलं. तीही पांढरी. महिन्याने सोक्षमोक्ष होईल.

१४ नोव्हें.
प्र. फोन उचलत नाही. आधी रोज संध्याकाळी करायची, भाजीत मीठ किती ते पण विचारायची. आता मेसेज, "कामात आहे." सासू सशावरून तिला घालूनपाडून बोलत असणार, दुसरं काय. एकदा भाटकार निर्दोष ठरला की त्या पोरीचाही जाच संपेल. कसली माणसं असतात.

२३ नोव्हें.
पेडण्याला जनावरांच्या डॉक्टरणीकडे गेले. पोरगी लहान, पण ऐकून घेते. सगळं ऐकून एकच विचारलं, "डोळे कसले?"
डोळे! भाटकाराचे लाल. मोगरीचे निळे. किती वेळा बघितले, डोक्यात आलं नाही.
ती म्हणाली, हे दोन वेगळे पांढरे. पांढरा म्हणजे रंग नाहीच असं नसतं, रंग आत असतो, वर यायला काहीतरी कमी पडतं. लाल डोळ्यांच्यात एक गोष्ट कमी, निळ्या डोळ्यांच्यात दुसरी. पिल्लांना याच्यातलं कमी तिच्याकडून मिळालं, तिच्यातलं कमी याच्याकडून. रंग वर आला. कोणाचा दोष नाही, कोण आत शिरला नाही. आणि ही तपकिरी पिल्लं मोठी झाल्यावर आपसात लावली तर त्यांच्यात पुन्हा पांढरी निघतील.
घरी येऊन ह्यांना सांगितलं. पेपर खाली न ठेवता म्हणाले, "म्हणजे एका घरात बल्ब नाय, दुसऱ्यात करंट नाय. ह्याचो बल्ब तिच्या करंटाक लायलो की उजेड." एवढं कळत होतं तर रानातला ससा कशाला मध्ये आणला?

२४ नोव्हें.
वि.बाईंना फोनवर समजावलं. अर्धा तास. बल्ब, करंट, डोळे. शेवटी म्हणाल्या, "ता सगळा खरा, पण पिलां तपकिरी कशी?"

१३ डिसेंबर
शेवंतीची सहा पिल्लं. (तिचेही डोळे लालच.) लव आली, सहाही पांढरीशुभ्र! फोटो काढून वि.बाईंना पाठवला, प्र.लाही. प्र.ने बघितला, उत्तर नाही. वि.बाईंचं आलं, "म्हणजे खोट आमच्या मोगरीत?"
डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. खोट कोणातच नाही म्हणून तीन आठवडे कंठशोष करतेय ना मी!

१४ डिसें.
हे म्हणतात सोडून दे. मोरजीच्या किनाऱ्यावरचा शॅकवाला वि.बाईंची चार पिल्लं मोठी झाल्यावर घेणार आहे, मटणाला कुठे रंग असतो. मला सोडवत नाही. तिथे माझी लेक आहे. प्र.चा आवाज ऐकून महिना झाला.

२१ डिसें.
भाटकाराला टोपलीत घालून साखळीला गेले. बसमध्ये एका बाईने विचारलं, मटणाक? म्हटलं, नाही, साक्षीला.
वि.बाईंच्या अंगणात भाटकार आणि मोगरी शेजारी शेजारी धरले. शेजारणी होत्याच. म्हटलं, आता डोळे बघा. लाल. निळे. मग बल्ब आणि करंट पुन्हा पहिल्यापासून. ह्या वेळी वि.बाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. टाळीच दिली मला. "म्हणजे दोगांच्याय पोटात काळोख लपलेलो! आता कळला गो, आमची सून अशी कशी जाली ती! तुमीच बल्ब, तुमीच करंट!" हसून हसून डोळ्यांना पदर लावला. मीही हसले. जिंकले होते ना. भाटकार सुटला. एक पिल्लू टोपलीत घालायला लागल्या, टिळ्याचं. घेतलं.
प्र. बसपर्यंत सोडायला आली. म्हटलं, आता मिटलं बघ सगळं, आता तुला कोण काही बोलणार नाही. तर म्हणाली,
"आई, सशाक कोण काय बोलला तर तू दोन बसी बदलून येतस. माका बोलली तेव्हा तू हसलीस. आजय हसलीस."
बस आली. कंडक्टर ओरडत होता. चढले.

२२ डिसें.
मी काय करायला हवं होतं? चार बायकांत विहिणीचं तोंड धरायचं? मी दोन शब्द बोलले असते ते त्या घरात हिलाच वर्षभर ऐकावे लागले असते. मुलगी दिलेल्या घरी तोंड चालवायचं नाही, हे काय मी शोधून काढलं?
भाटकाराला गवत घातलं. त्याचंही तोंड बघवेना.

२३ डिसें.
नाही. ते खरं नाही. भाटकारासाठी बोलताना मला ही भीती कुठे होती? अंगणात उभं राहून वकिलासारखी भांडले. तेव्हा नाही वाटलं लेकीला ऐकून घ्यावं लागेल.
वाईट वाटतंय. फार वाईट वाटतंय.

२७ डिसें.
ह्यांना सांगितलं. त्यांनी पेपर खाली ठेवला. मग, "प्रतिमाक बघूक इल्ले तेव्हाच बोलली ती. रंग सोडलो तर बरी आसा म्हणान. मीय हसलंय तेव्हा." मला आठवत होतं. मीच पोहे वाढत होते.

५ जानेवारी
प्र.ला फोन केला. उचलला. काय काय ठरवलं होतं बोलायचं. विचारलं, "जेवलंस?" म्हणाली, हो. मग म्हणाली, कुकर झालाय, ठेवते.
जेवलंस! दुसरं काही सुचू नये माणसाला?

९ जाने.
वि.बाईंचं संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं. आवाजात गूळच गूळ. "वाड्यावरच्यो सगळ्यो येतल्यो. तुमची ती बल्बाची गजाल सांगूया सगळ्यांक!"
सांगणारच ती. मजा आली होती तिला. आणि प्र. तिथे तिळगुळाचं ताट घेऊन उभी असणार.

१० जाने.
हे म्हणाले, नको जाऊस, ताप आला म्हणून कळव. म्हटलं, ताप किती वर्षं आणणार?

१२ जाने.
परवा जायचं. सकाळपासून वाक्यं जुळवतेय. 'माझ्या मुलीच्या रंगावर पुन्हा बोललात तर' हे फार होतं, पुढे काय करणार आहे मी? 'असं बोलू नये हो विहीणबाई' हे फार थोडं, ऐकूच जायचं नाही. शेवटी एक जमवलं. "माझ्या लेकीच्या रंगाची मस्करी मला आवडत नाही. ससे वेगळे, ती वेगळी." एवढंच. पुढे मागे काही नाही.
दुपारी पिंजरे झाडताना मोठ्याने म्हणून बघितलं. चांगलं म्हटलं असं मला वाटलं. हे मागे खिडकीत उभे होते, मला माहीत नव्हतं.
"शेवटाक हसलीस," म्हणाले. "परत म्हण."