पस्तीस टक्क्यांवर अडलेलं अपडेट

सोम., ९ फेब्रु.

आजपासून ही वही मनीषाच्या कॉम्प्युटरसाठी. कारखान्यात मास्तर म्हणून तीस वर्षं लूमची, म्हणजे यंत्रमागांची वही ठेवली, दोष काय, उपाय काय. मास्तर रिटायर झाला तरी हात गप्प बसत नाही. शिवाय मशीन अडलं की सून तोंड पाडून बसते, ते मला बघवत नाही.

दोष: कॉ. अपडेट घेत नाही. ३५ टक्क्यांपर्यंत जातो, मग सगळं उलटं फिरतं. 'केलेले बदल मागे घेत आहोत' असं इंग्रजीत येतं, म.ने वाचून दाखवलं. साडीवरच्या भरतकामाचं डिझाइन ज्या प्रोग्रॅममध्ये करते, त्याचा नवा प्रकार या अपडेटशिवाय उघडतच नाही.

उपाय: दुपारी परत लावला. तीन तास लागतात म्हणाली, तोवर रेशन आणायला गेली. पडद्यावर एक गोल फिरत होता, बाकी काम काही नाही. चारला मी टेबलाजवळचा लाइटचा बोर्ड बंद करून खाली चहाला. पाचला येऊन चालू केला. ती आली, बटण दाबलं, परत उलटं.

मंगळ., १०

एवढी घाई कशाची, तेही लिहून ठेवतो. भादव्यात मी न्हाणीत घसरलो, खुब्याचं ऑपरेशन झालं. म. तेव्हा डिझाइनच्या कारखान्यात जायची, नऊ ते आठ. माझ्यासाठी सोडलं आणि घरी हा कॉ. मांडला. आता एका शेठने पदराचा नमुना मागितलाय. पसंत पडला तर घरबसल्या कायमचं काम. नाही पडला तर २ मार्चपासून परत कारखाना. तिथून रोज फोन येतोच.

माझा पोरगा किरण हजीऱ्याला कंपनीत, बारा-बारा तासांची शिफ्ट. घरी येतो तो झोपायला. म्हणजे म. गेली की मी दिवसभर भिंतींशी बोलायचं, नाहीतर अमळनेरकडे गावी पुतण्याजवळ जायचं. पुतण्या सोन्यासारखा आहे. पण मला नाही जायचं. इथे लिहिलं, तोंडाने बोलणार नाही.

गुरु., १२

म. म्हणाली कॉ.मध्ये जागाच कमी आहे, म्हणून अपडेट मावत नसेल. पटलं. किरणच्या लग्नाचा व्हिडिओ सगळ्यात मोठा, तो पेन ड्राइव्हवर काढला. काढता काढता थोडा बघितला. त्यात आमची ही नाचतेय. चार वर्षं झाली तिला जाऊन. म. म्हणे, 'आण्णा, आई कसल्या नाचायच्या हो!' मी म्हणालो, नाचायची कसली, नाचवायची, माझं आयुष्य त्यातच गेलं. दोघं हसलो. मग मी उगाच खिडकी उघडायला उठलो.

जागा झाली. दुपारी अपडेट लावून म. धाग्यांचे रंग बघायला बाजारात. मी नेहमीप्रमाणे बोर्ड बंद करून खाली. संध्याकाळी परत तेच. हा कॉ. आहे की रुसलेला जावई, कळत नाही.

शनि., १४

म.ने फोनवर बघून काळ्या खिडकीत एक हुकूम टाइप केला, तुटक्या फायली शोधायचा. मी फोन तिच्यासमोर धरून उभा. पाऊण तास चाललं. उत्तर आलं: काही दुरुस्त झाल्या, काही नाही. मला बरं वाटलं. दोष सापडला म्हणजे अर्धं काम झालं.

दुपारी परत लावला. ती दळण दळायला गेली, मी बोर्ड बंद करून खाली. नाक्यावर गुलाबराव होता. आम्ही एकाच कारखान्यात होतो, तो कारागीर, मी मास्तर. अजून मला घाबरतो, बरं वाटतं.

संध्याकाळी म. पीठ घेऊन आली. अपडेट झालं का विचारलं तर 'होईल, आण्णा' एवढंच. खिचडीवर तूप मात्र नेहमीपेक्षा जास्त वाढलं.

रवि., १५

किरणने कॉ. दुरुस्तीवाला पाठवला. त्याने बूटसुद्धा काढले नाहीत. म्हणाला, काका, फॉर्मॅट मारना पडेगा, सब साफ. मी विचारलं, तिची डिझाइनं? म्हणे, वो भी. मी म्हणालो, चार तार तुटले म्हणून ताण्याचा अख्खा बीम कापून फेकणारा कारागीर मी आजवर ठेवून घेतला नाही. तू जा. म. आत तोंडाला पदर लावून हसत होती.

मंगळ., १७

म. किरणशी फोनवर. तो चिडलेला, आवाज बाहेरपर्यंत येत होता. म. म्हणाली, 'लाइट जाते हो आपल्याकडे दुपारची. मधेच जाते, म्हणून अपडेट अडतं. कोणाचा काय दोष?'

लाइट? लाइट कधी गेली? या महिन्यात एकदाही गेली नाही. सून नवऱ्याशी खोटं का बोलते? मला राग आला.

बुध., १८

लाइट गेली नाही हे दाखवून द्यायला सकाळी वही काढली. ९ तारीख: बोर्ड बंद करून खाली. १२: बोर्ड बंद करून खाली. १४: बोर्ड बंद करून खाली.

माझ्याच हाताने लिहिलंय.

आमच्या शेजारचा कारखाना जळाला तेव्हापासूनची सवय. कोणी समोर नसेल तर मशीन चालू सोडायचं नाही. आपण निघालो की करंट तोडायचा. पोरांना हेच शिकवलं, विसरला त्याला शिव्या घातल्या. हात आपोआप जातो, मला कळतही नाही. आणि तो गोल फिरत होता म्हणजे काम चालू होतं. इतका वेळ मी दुसऱ्याच्या मशीनचा दोष शोधत बसलो, अन् दोष मीच. काखेत कळसा म्हणतात तो हा.

म.ला सगळं माहीत आहे. म्हणूनच लाइटचं नाव घेतलं.

दिवसभर तिच्या नजरेला नजर दिली नाही. पुतण्याचा नंबर काढून ठेवला. लावला नाही.

शुक्र., २०

सांगितलं. ती चहा गाळत होती. म्हणालो, पोरी, लाइट जात नव्हती. बोर्ड मी बंद करत होतो.

तिने गाळणं थांबवलं नाही. 'माले मालूम शे, आण्णा.'

शनिवारी ती दळणाचा डबा घरीच विसरली म्हणून अर्ध्या रस्त्यातून परत आली होती. मी खाली होतो. पडदा काळा, बोर्ड बंद. तिने बघितलं, डबा उचलला आणि तशीच परत गेली.

मी म्हणालो, मग बोलायचं होतंस. चार शब्द ऐकवायचे होतेस. मी ऐकून घेतले असते.

ती म्हणाली, 'ऐकून घेतले असते, आणि दुसऱ्या दिवशी पिशवी भरून गावाला निघाला असता.'

खरंय. निघालो असतो. म्हातारपणी डोळे लवकर भरतात. तिने बघितलं, मी लपवलंही नाही. चहा पार कडू झाला होता, दोघांनी प्यायला.

शनि., २१

मोठं काम. बोर्ड मधेच बंद झाल्याने तुटलेल्या काही फायली अजून तशाच होत्या. आधी सगळी डिझाइनं दुसऱ्या पेन ड्राइव्हवर काढून ठेवली, मोजून दोनदा. मग मैत्रिणीकडून आणलेल्या पेन ड्राइव्हवरून अख्खी सिस्टिम जुन्यावरच परत बसवायची, आतल्या फायलींना धक्का न लावता. 'माझ्या फायली ठेवा' अशी ओळ येते, तिच्यावर खूण पाहिजे. म.ने मला ती खूण दाखवली. मी बोट ठेवून खात्री केली.

मी स्टूल घेऊन बोर्डाजवळ. खाली गेलो नाही. गुलाबराव खालून हाका मारत होता, त्याला खिडकीतून हाकललं. ३५ आले. ३६ झाले. म.ने माझा दंड धरला, लहान पोरीसारखा. मधे दोनदा पडदा काळा झाला, मी म्हणालो गेलं आता, ती म्हणाली नाही आण्णा, स्वतःच बंद होऊन चालू होतं.

साडेचारला झालं. प्रोग्रॅम उघडला. डिझाइनं सगळी जागेवर. किरणला फोन मीच केला, म्हणालो, अरे, बोर्ड मी बंद करत होतो. तो हसायलाच लागला, गाढव.

मंगळ., २४

पदराचा नमुना पूर्ण. केळीचं पान आणि त्याच्या काठाने बारीक वेल. मला विचारलं, कसं झालंय? म्हणालो, वेल डावीकडे जरा दाटलीय. तिने लगेच सुटी केली. माझं ऐकलं, हे मुद्दाम लिहून ठेवतो. दुपारी शेठकडे देऊन आली.

शुक्र., २७

शेठचा निरोप: बघून कळवतो, पुढच्या आठवड्यात. कारखानावाल्याला उत्तर उद्याच पाहिजे. सोमवारी येतेस की दुसरी ठेवू.

मी दोन दिवस वाक्य पाठ करत होतो. 'जा बेटा, मी ठणठणीत आहे, गुलाबराव येऊन बसेल.' गुलाबरावलाही सांगून ठेवलं होतं. तिचं हातचं काम माझ्यामुळे का जावं? तरणी पोर आहे, हुशार आहे, माझ्या खुब्याला बांधून ठेवायची का?

संध्याकाळी मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, 'आण्णा, मी गेले तर तुम्हाला चालेल ना?'

तोंड उघडलं आणि निघालं, 'नको जाऊ माय.'

लाज वाटली. लगेच म्हणालो, म्हणजे तुला जायचं असेल तर जा, मी आपलं म्हटलं. ती हसली नाही, रागावलीही नाही. 'उद्या सांगते त्यांना,' म्हणाली. काय सांगणार ते बोलली नाही, मीही विचारलं नाही. अर्धी जुडी माझ्यापुढे सरकवली.