न सुजलेला हात

१० जानेवारी १९५५, भोसरी
बीसीजीची लस देणाऱ्यांनी परवा क्षयाच्या तपासणीसाठी टोचलेले हात आज पट्टी लावून मोजले. माझा सुजलेला. माझ्या शालनचा तर रुपयाएवढा — चार वर्षांचं पोर! आत्याबाईंचा, म्हणजे सासूबाईंचा, सपाट. सत्तरीचा हात, आणि टोचल्याची खूणसुद्धा नाही.

'क्षयाचे जंतू अंगात शिरले असले की हात सुजतो. म्हणजे आजार झालाच असं नाही,' मोजणारा म्हणाला. शेवटचं फक्त मी ऐकलं. मी सातवी पास, पण सासरी माझं कोण ऐकतंय!

आत्याबाई देवळापुढे बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हात दाखवतात. "माझं रगात चोख हाय. सुनंचंच पोरीला लागलं."

११ जानेवारी
माझं अंथरूण गोठ्याशेजारी. ताट-तांब्या वेगळा. रांधायचं मात्र मीच. शालनला जवळ घ्यायचं नाही, ती आजीपाशी निजणार. हे म्हणाले, "आई म्हनतीया तर ऱ्हा की चार दिस." पिंपरीच्या कारखान्यात एवढाली मशिनं चालवतात, आईपुढे जीभ चालत नाही.

१५ जानेवारी
शालन दाराशी येऊन रडली. मीही.

१९ जानेवारी
आत्याबाई दिवसभर खोकतात. म्हटलं, औषध आणू का? "मिसरीचा ठसका हाय त्यो. तू तुझं बघ." मी महिन्यात एकदा शिंकलेसुद्धा नाही, तरी रोगी मीच.

२३ जानेवारी
यांना सांगितलं — पुण्याला नेऊन छातीचा फोटो काढा, नाहीतर चऱ्होलीला माहेरी सोडा. ओव्हरटाइम आहे म्हणे! दोन दिवस चूल पेटवली नाही. मग रजा मिळाली.

२७ जानेवारी
माझा फोटो स्वच्छ. डॉक्टरांनी विचारलं, घरात खोकतं कोण? म्हटलं, सासूबाई, पण त्यांचा हात सपाट आहे. डॉक्टर यांच्याकडे वळले. "अहो, हात सुजायलाही अंगात जोर लागतो. म्हातारपणी शरीर रोगाशी झुंजायचंच सोडत जातं. उद्याच आणा त्यांना."

घरी आल्या आल्या शालनला माझ्याकडे घेतलं. कुणाला विचारलं नाही.

२८ जानेवारी
"चांगल्या हाताच्या माणसाला दवाखाना कशापायी?" अर्धा दिवस एवढं एकच. भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. शेवटी हे पहिल्यांदाच आईवर ओरडले, तेव्हा बैलगाडीत बसल्या.

१ फेब्रुवारी
आत्याबाईंच्या थुंकीत क्षय निघाला. सोळा रात्री शालन त्यांच्या कुशीत निजली होती.

"म्हंजी पोरीला म्याच दिलं का गं?" त्यांनी मला विचारलं.

इतके दिवस हेच त्यांच्या तोंडून ऐकायला तडफडत होते. आज हो म्हणवेना.