जावईबापूंचा वकील

प्रेम नगर, झाशी
संक्रांतीनंतरचा सोमवार

आदरणीय गोपाळराव यांस,

सुभाषचंद्राचा वाकून नमस्कार. इकडे आम्ही सर्व ठीक आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. तसं ते नाही, हे पुढे येईलच. आपले गुडघे कसे आहेत? आमच्या उर्वीच्या लग्नाच्या वेळी ते अचानक धरले (म्हणून आपल्याला येता आलं नाही) आणि त्यानंतर आपला फोनही कधी उचलला जात नाही, तेव्हा दुखणं वर हातापर्यंत गेलं की काय, अशी आपल्या बहिणीला काळजी वाटते. वहिनींना नमस्कार. अकोल्याचं ऊन जास्त की झाशीचं, हा आपल्या दोघांचा जुना वाद मी आज बिनशर्त सोडून देतो. अकोला जिंकलं. यावरून माझी मनःस्थिती आपल्या ध्यानात यावी.

आमचे जावई जयदीप (आपण त्यांना अजून आपले म्हणत नाही, म्हणून आमचे लिहिलं) बबीनाला रणगाड्यांच्या रेजिमेंटमध्ये दफेदार, म्हणजे पायदळातल्या हवालदाराच्या बरोबरीचे, आहेत, हे आपल्याला माहीत आहे. तीच तर आपली हरकत होती. फौजी माणूस, आज इथे उद्या सियाचीनला, पोरीचे हाल होतील, असं आपण म्हणाला होतात. तर ते सियाचीनला गेले नाहीत, बबीनालाच आहेत, आणि हाल तिथेच सुरू झाले आहेत. त्यांच्यावर असा आरोप आला आहे की त्यांनी त्यांच्या रिसालदार साहेबांना, म्हणजे वरिष्ठांना, सगळ्या जवानांसमोर शिवी दिली. आपल्या-माझ्या नोकरीत साहेबाला शिवी देणं हे जिन्याखाली उभं राहून रोज करायचं काम होतं. फौजेत तो गुन्हा आहे. कमांडिंग साहेबांनी साक्षी-जबान्या लिहून घ्यायचा हुकूम दिला, आणि पलटणीत बोलवा उठली की कोर्ट मार्शल होणार. बढती तोंडावर आली आहे. प्रकरण बिघडलं तर बढती राहू द्या, नोकरीच जाते.

उर्वी बॅग घेऊन क्वार्टरमधून इकडे आली आणि एवढंच म्हणाली, बाबा, वकील बघा. शिवी कोणती, ते मला सांगेना. आईच्या कानात सांगितलं, तर आईने कानावर हात ठेवले. क्वार्टरमधल्या एका शेजारणीने तिला सांगितलं होतं म्हणे. जयदीपना फोनवर विचारलं, तर त्यांचं म्हणणं आणखी गोंधळाचं. मी शिवी दिलेलीच नाही, म्हणाले, पण काय बोललो ते इथून फोनवर सांगता येत नाही. आजूबाजूला माणसं आहेत, परत तोच शब्द तोंडातून गेला तर दुसरा आरोप लागेल. आता जी शिवीच नाही ती उच्चारायची भीती का, हे मला कळेना. उर्वीला मात्र कळलं. नवरा शिवी देतो आणि वर खोटंही बोलतो, असा तिने अर्थ लावला आणि त्यांचे फोन घेणं बंद केलं. (हा गुण तिने मामाकडून घेतला, असं मी म्हणत नाही. आपली बहीण म्हणते.)

तर वकील. मी तीस वर्षं ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्या कारखान्यात काढली. कुठली तार कुठे जोडायची ते मला कळतं, पण कुठला वकील कुठे जोडायचा ते कळत नाही. आधी मोबाइलवर शोधलं. कोर्ट मार्शल लढवणारे नामांकित वकील म्हणून जे पहिलं पान उघडलं, त्यात एका कोपऱ्यातून आपोआप प्रश्न आला, तुमचं नाव काय? मी गडबडीत छावणीच्या गावाचं नाव लिहिलं. लगेच उत्तर आलं, थँक यू बबीना, तुम्ही सैन्यात आहात की नौदलात? मी पाऊण तास सगळी हकीकत इंग्रजीत टाइप केली. शेवटी कळलं की ते वकील टेक्सासला बसतात. आता रोज सकाळी मला, म्हणजे बबीनाला, धीर देणारा संदेश येतो.

मग मला कुणीतरी समजावलं की कोर्ट मार्शलचे प्रकार असतात आणि त्यात एक डिस्ट्रिक्ट कोर्ट मार्शल असतं. डिस्ट्रिक्ट म्हटल्यावर मी सरळ इथल्या जिल्हा कचहरीत, म्हणजे कोर्टात, गेलो. (आपणही गेला असता. नंतर कळलं, त्याचा जिल्ह्याशी काही संबंध नाही.) तिथे निशांतजी बसतात. आमच्या गच्चीच्या पाण्याचा शेजाऱ्यांशी झालेला खटला त्यांनीच जिंकून दिला, म्हणजे शेजारी बदलून गेले तोपर्यंत टिकवून धरला. त्यांनी चहा मागवला आणि सांगितलं, घाबरू नका, तारखा घेत राहू, पंधरा-वीस वर्षं सहज निघतील. मी म्हटलं, तोपर्यंत जावई रिटायर होतील. ते म्हणाले, तेच तर. पण तारखांची फौजेत पद्धत नाही असं मी सांगितल्यावर त्यांनी विचार करून दुसरा मार्ग काढला: राजीनामा करा देंगे. हे मी त्यांच्यासमोरच जयदीपना फोनवर कळवलं. ते म्हणाले, बाबा, मी काही केलेलं नसताना नोकरी का सोडू? त्यांचा आवाज असा झाला होता की मला खुर्चीत बसवेना. इथल्या हिंदीत राजीनामा म्हणजे समेट, दोन्ही पक्षांची राजीखुशी; हे मला इतकी वर्षं माहीत आहे, पण जयदीपसारख्या साताऱ्याच्या माणसाला सांगताना मी तो शब्द तसाच पुढे ढकलला. आपण दोन भाषांत राहतो, गोपाळराव, आणि ऐन वेळी दोन्ही दगा देतात.

दुसरे वकील फौजेतलेच, निवृत्त कर्नल अनुप. फौजेच्या कायदा विभागात नोकरी, आता वकिली. हे बरोबर, असं मला वाटलं. सदर बाजारच्या बाजूला त्यांचं ऑफिस आहे. मी आत गेलो आणि का कोण जाणे, ताठ उभाच राहिलो. त्यांनीही बसा म्हटलं नाही. त्यांनी विचारलं, एससीएम, डीसीएम की जीसीएम? हे कोर्ट मार्शलचेच समरी, डिस्ट्रिक्ट आणि जनरल असे प्रकार, पण मला वाटलं, काय घेणार असं विचारताहेत. मी म्हटलं, आपण घ्याल ते. त्यानंतर त्यांनी कलमं सांगितली, पोटकलमं सांगितली, आणि अभिमानाने असंही सांगितलं की सरकारतर्फे त्यांनी चालवलेल्या एकाही खटल्यात आरोपी सुटला नाही. आपली बहीण स्नेहलता माझ्यासोबत आली होती. तिने हात जोडून विचारलं, भाईसाहब, आत किती घातले ते कळलं, बाहेर किती काढले? कर्नलसाहेब म्हणाले, बाहेर काढायचं काम त्यांनी आत्ताच सुरू केलं आहे. त्यातले पहिले आम्ही नको, असं म्हणून उठून आलो.

घरी येऊन आमचं भांडण झालं. उर्वी म्हणाली, शोधूच नका, ज्याने केलं तो भोगेल. म्हणाली आणि आतल्या खोलीत जाऊन रडली. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की नोकरीपेक्षा मोठं काहीतरी जायच्या बेतात आहे.

तिसरी वकील शिवांगी, खंडेराव गेटपाशी राहते. वय उर्वीएवढंच. वडील सुभेदार होते, आणि ही लखनौला सैनिकांच्या न्यायाधिकरणात केस चालवायला जाते. एवढीशी मुलगी म्हणून मी मनात नापास केलं होतं, पण रविवारी जयदीपना बाहेर यायची परवानगी मिळाली, तेव्हा तिने सगळ्यांनाच बोलावलं. उर्वी यायला तयार नव्हती. आईने ओढत आणली. नवरा-बायको एका बाकावर दोन टोकांना बसले. शिवांगीने कलम काढलं नाही, तारीख काढली नाही. तिने विचारलं, "भैया, आपने कहा क्या था? पूरा शब्द बोलिए।"

गोपाळराव, इतक्या दिवसांत हा प्रश्न जयदीपना समोरासमोर कुणीच विचारला नव्हता. ते उठून उभे राहिले, सावधान झाले आणि म्हणाले, "गांडूळ."

उर्वीने मान खाली घातली. शिवांगीच्या हातातलं पेन थांबलं. (हिंदीत त्या शब्दाच्या पहिल्या दोन अक्षरांवर थांबलं की काय होतं, ते मी वहिनींच्या नजरेला पडणाऱ्या पत्रात लिहीत नाही.) आणि आपली बहीण एकदम टाळी वाजवून म्हणाली, "अगं बाई, हे तर दादाचं गांडूळ!"

मग हकीकत बाहेर आली. पलटणीत कचऱ्यापासून खत करायचा खड्डा खणला आहे. जयदीपच्या घरी साताऱ्याला गांडूळखत करतात, म्हणून तो खड्डा त्यांच्याकडे. रिसालदार साहेब पाहणीला आले, मातीत हात घातला, बोटाला काही वळवळलं, तेव्हा दचकून विचारलं, ये क्या है? जयदीपना त्या क्षणी केंचुआ हा हिंदी शब्द आठवला नाही. खरं नाव आठवलं, ते सांगितलं. साहेबांनी विचारलं, क्या बोला? यांनी परत सांगितलं. जवान हसले. संपलं.

शिवांगीने तो शब्द म्हणून पाहिला, पण तिच्या तोंडून ळ निघेना. उर्वीनेही पाहिला, तिचाही ल झाला. झाशीत वाढलेली पोर, मराठी समजते पण ओठांवर येत नाही, आणि गांडूळ म्हणजे काय हे तिला आयुष्यात कुणी सांगितलंच नव्हतं. जयदीप तिला हळूच म्हणाले, जीभ वर वळव. ती बाकावर थोडी सरकून बसली. मी खिडकीबाहेर पाहिलं.

मग मी विचारलं, तर मग वकीलपत्र कधी देऊ? शिवांगीने ते घेतलंच नाही. तिने समजावलं, आधी खटला कोणता ते ठरू द्या, वकील नंतर. डिस्ट्रिक्ट झालं तर बाहेरचा वकील उभा राहू शकतो, मी उभी राहीन. पण समरी झालं, तर त्यांचे कमांडिंग ऑफिसरच न्यायाधीश, आणि तिथे कितीही मोठा वकील नेला तरी त्याला कोर्टाशी बोलता येत नाही. आरोपीच्या मदतीला एक माणूस शेजारी बसू शकतो. वकील चालेल, कुणीही चालेल. त्याला 'आरोपीचा मित्र' म्हणतात. त्याने फक्त कानात सुचवायचं आणि बाकी गप्प बसायचं.

म्हणजे इतके दिवस मी बोलणारा माणूस शोधत होतो आणि हवा होता न बोलणारा. मी म्हटलं, मीच बसतो. यावर बायको, मुलगी आणि जावई तिघंही एकाच वेळी नको म्हणाले. लग्नानंतर तिघांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

असो. बाकी विशेष काही नाही. तिळगूळ वेगळा पाठवला आहे. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, गुडघ्यांना आराम.

आपला,
सुभाषचंद्र

ता. क. पत्राचं खरं कारण आता लिहितो. तो मित्र आपण व्हावं. आपण कृषी महाविद्यालयात जन्मभर गांडुळं शिकवलीत, कुणी काही विचारलं तर त्याचं कुळ-मूळ आपल्याइतकं कुणाला माहीत? शिवाय स्नेहलता म्हणते, गप्प बसण्यात दादाचा हात कुणी धरणार नाही, लग्न झाल्यापासून आमच्याशी एक शब्द बोलला नाही.

ता. क. २. हे पत्र माझ्या खिशातच राहिलं (डाकखान्यापर्यंत दोनदा जाऊन परत आलो, ता. क. मधलं शेवटचं वाक्य ठेवावं की नाही, हे ठरत नव्हतं) आणि तेवढ्यात प्रकरण मिटलं. कमांडिंग साहेबांनी जबान्या वाचल्या, सगळ्यांना घेऊन खड्ड्यावर गेले, स्वतः माती उकरून ते गांडूळ पाहिलं आणि जयदीपना विचारलं, दोन्ही वेळा हेच बोललास? जयदीपनी खरं सांगितलं. पहिल्या वेळी पूर्ण शब्द बोललो, साहेब. दुसऱ्या वेळी शेवटचं अक्षर गिळलं. मुद्दाम. रिसालदार साहेबांनी आदल्या दिवशी त्यांची सुट्टी अडवली होती म्हणे. कोर्ट मार्शल नाही. कडक ताकीद देऊन सोडलं, ती कागदावर राहील, बढती थोडी लांबेल. रिसालदार साहेबांची माफी मागून झाली. उर्वीने हे ऐकून त्यांना काय म्हटलं ते मी लिहीत नाही, पण त्या शब्दात ळ नव्हता. संध्याकाळी तीच बॅग घेऊन क्वार्टरवर गेली. पत्र फाडणार होतो, पण स्नेहलताने हातातून घेतलं. तिला खाली दोन ओळी लिहायच्या आहेत.

ता. क. ३. दादा, मी स्नेहा. आता मित्र नको आहे. तू मामा म्हणून ये. इथे बोललेलं चालतं.