काचेपलीकडचा अंगारा

सरोजिनी नगर, दिल्ली

तीर्थरूप आईस,

रागात लिहितोय, तरी नमस्कार आधी.

वीणा ठीक आहे. पण शांतारामकाकांच्या हाती अंगारा कशाला पाठवलास? माझा बोन मॅरो तिला देऊन जेमतेम नऊ दिवस झालेत. नवं रक्त तयार होईपर्यंत तिला साधी सर्दीही झेपणार नाही. मी, सख्खा भाऊ, काचेबाहेरून बोलतो आणि काका सरळ दार ढकलून आत! "देवाच्या अंगाऱ्यात कसले जंतू?" म्हणे. नर्सने अडवलं म्हणून बरं. मागच्या पत्रात मी बिल्कुल नको म्हणून लिहिलं होतं ना?

बाबांचा गुडघा कसा आहे?

मॅरो रुजला का, ते उद्या कळेल. अंगारा टाकला नाही. माझ्याच कपाळाला लावलाय. तिचं रक्त आता माझ्याच मॅरोतून बनणार आहे, पोचेल तिला.

तुझा रागावलेला,
उल्हास